सतरा नंबर

मिरजेत मगदूम बाईंना ओळखतात ते त्यांच्या बोलण्यामुळं. शालन मगदूम, कौलारू हायस्कूलच्या गणिताच्या बाई. शाळेवर आता कौलं नाहीत, स्लॅब पडून जमाना झाला, पण पाटीवरचं लांबलचक सरकारी नाव घेतो कोण? रिक्षावाल्याला नुसतं 'कौलारू' म्हणा, बरोबर फाटकात आणून सोडतो. शाळा लहानशी. आठवी, नववी, दहावी, एकेकच तुकडी. आणि या शाळेचा पट आजवर टिकला असेल तर तो बाईंच्या जिभेवर, हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळे कबूल करतील.

पट म्हणजे काय दुखणं असतं हे सरकारी शाळेत नोकरी केल्याशिवाय नाही कळायचं. पोरं कमी झाली की मास्तर जास्त ठरतात, मास्तर जास्त ठरले की त्यांना उचलून कुठं लांब टाकतात, आणि हे असंच चाललं की एक दिवस शाळेलाच कुलूप. म्हणून मे महिन्यात लोक लग्नाच्या पंगती उठवत असतात तेव्हा ही मास्तर मंडळी उन्हातान्हात पोरं शोधत हिंडतात. ज्यांना परवडतं त्यांची पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमधून कधीच गेलेली असतात. मग उरतं कोण? हमालांची पोरं, दवाखान्यात मावशीचं काम करणाऱ्या बायांची, सतारीचे भोपळे घासणाऱ्यांची, कर्नाटकातून आणि हल्ली पार बिहारातून पोटामागं आलेल्यांची. वर्गात पुस्तक मराठी, मधल्या सुट्टीत गप्पा कन्नड, आणि भांडणं मात्र हिंदीत. बाईंना ही सगळी जत्रा मनापासून आवडायची. त्यात काही खोटं नव्हतं.

बाई दारात गेल्या की त्यांच्या 'आहे'चं 'हाय' व्हायचं. शाळेत परतल्या की पुन्हा 'आहे'. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्या अशाच बनुबाई मासाळच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बनुबाई एका खाजगी दवाखान्यात मावशी, नवरा बिराप्पा मालधक्क्यावर हमाल. माणसं मूळची जत तालुक्याच्या पार टोकाची, त्यामुळं घरात निम्मं कन्नड, आईला म्हणायचं अव्वा. एकुलती एक पोरगी, क्रांती. सातवी झालेली.

"आवं बनुबाई, पोरीला एवढ्या लांबच्या शाळेत कशाला धाडायची? आमच्याकडं द्या की."

"तिकडं तिच्या मैतरणी हायती, बाई."

"आन् इकडं मी हाय की! माझ्या पोटच्या पोरीगत बघते. दहावी करूनच तुमच्या हातात देते, मग तर झालं?"

झालं. बनुबाईनं चहा टाकला आणि पोरगी कौलारूत आली. घराबाहेर पडताना बाईंना वाटलं, आजचा दिवस सत्कारणी लागला.

क्रांती पोरगी गुणाची. अक्षर सुरेख, इतिहास तोंडपाठ, वर्ग झाडायला सगळ्यात पुढं. पण गणिताचं आणि तिचं वाकडं ते वाकडंच. हातचा घ्यायची आणि तो परत द्यायला विसरायची. बाईंनी आठवीत थोडं जवळ बसवून घेतलं, नववीत म्हणाल्या बघू, आणि बघता बघता नववी संपली.

आता फाटकावरचा फलक. 'सलग शंभर टक्के निकाल', वर पाहुण्यांचे फोटो. हा फलक बघूनच तर पुढच्या वर्षी पोरं मिळणार. म्हणजे पट पाहिजे तर निकाल पाहिजे, आणि निकाल पाहिजे तर पट जरा झाडून घ्यायला पाहिजे! ही झाडझूड नववीच्या निकालाला व्हायची. कच्च्या पोराला नववीत नापास करायचं नाही. पास करायचं, हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा आणि सांगायचं, दहावीला बाहेरून बस, सतरा नंबरचा अर्ज भर. पोर पास झालं तर त्याचं नशीब, नापास झालं तर ते आपल्या शाळेच्या खात्यावर नाही. पोरांच्या भाषेत याचं नावच 'सतरा नंबर'. अमक्याला सतरा नंबर दिला म्हटलं की वर्गाला कळायचं काय ते.

मुख्याध्यापक नाथाजी सूर्यवंशी माणूस वाईट नाही, घाबरट आहे. यंदा त्यांनी सहा नावं काढली आणि बाईंना बोलावलं. "बाई, पालकांशी तुम्हीच बोला. तुमच्या बोलण्यात गोडवा आहे, रडारड होत नाही." बाई दर वर्षी हे काम करत आल्या होत्या. त्या पोरांचं पुढं काय झालं? बाजारात भेटली की ती वाकून नमस्कार करायची. बाई त्यांना तब्येत विचारायच्या, लग्न झालं का विचारायच्या, दहावीचं कधी विचारायच्या नाहीत.

त्या दिवशी पहिल्याच आईनं रडून शाळा डोक्यावर घेतली होती. बाईंचं डोकं भणभणत होतं. तेवढ्यात बनुबाई आली, ड्युटीच्या साडीतच, धापा टाकत.

"बनुबाई, क्रांतीला आम्ही नववी पास करतोय."

"पास झाली?" बनुबाईनं हात जोडले.

"झाली. आणि आता पुढं तिला सतरा नंबर द्यायचं ठरलंय."

"सतरा नंबर?" बनुबाईचा चेहरा असा काही उजळला की बाई बघतच राहिल्या. "माझ्या क्रांतीचा सतरा नंबर आला? आवं बाई, गेल्या साली तर खालनं दुसरी म्हनत हुते! तुमी पोरीचं सोनं केलंसा."

आता इथं बाईंनी बोलायला पाहिजे होतं. अहो, एका वाक्याचं काम! नंबर आला नाही, पोरीला बाहेर काढतोय, एवढंच. बाईंना सगळं त्याच क्षणी कळलं होतं. जिभेच्या टोकावर शब्द आलाही होता. पण बाहेर अजून चार पालक बसले होते, ही बाई रडत नव्हती, उलट हसत होती, आणि काम आपोआप होत होतं. बाईंनी कागद पुढं सरकवला. "इथं सही करा."

बनुबाईनं गिरवून गिरवून सही केली. "आन् ह्यो कशाचा कागद?"

"दाखला. जपून ठेवा, पुढं लागतो."

दुसऱ्या दिवशी बनुबाई शाळेत पेढे घेऊन हजर. बोळात वाटले होते, दवाखान्यात सिस्टरपासून वॉचमनपर्यंत वाटले होते, आता शाळेत. "पयला मान तुमचा, बाई." बाईंनी पेढा तोंडात टाकला. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी तो पेढा पाणी पिऊन उतरवला. त्या रात्री त्यांनी नवऱ्याला, शांतिनाथ मगदूमांना, हे सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली. माणूस स्वतःची समजूत घालण्यात किती पटाईत असतो! बाई मनात म्हणाल्या, पोरीला ठाऊक आहे सतरा नंबर म्हणजे काय, तीच सांगेल आईला.

जूनमध्ये शाळा भरली. दहावीच्या हजेरीत क्रांतीचं नाव नव्हतं. बाईंनी हजेरी घेतली आणि पुढच्या नावावर गेल्या.

जुलैच्या सुरुवातीला बाईंच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ज्या दवाखान्यात ऑपरेशन करायचं सांगितलं, तिथं वॉर्डात शिरताच समोर कोण? बनुबाई! बाई दारातूनच मागं वळणार होत्या. पण बनुबाई धावत आली. "आवं बाई, तुमी? काळजी करू नगा, मी हाय."

आणि ती खरोखर होती. मगदूम म्हणजे जैन घर, म्हातारीला दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा चालायचा नाही. बनुबाईला हे एकदाच सांगितलं. ती रोज उजेड असताना ताट आणून ठेवायची, कांदा-लसूण नाही याची स्वतः स्वयंपाकघरात जाऊन खात्री करायची, म्हातारीला टेकवून बसवायची आणि घास घास भरवायची. बाई बाजूला उभ्या राहून बघायच्या. त्यांना तिथं थांबवत नसे आणि तिथून हलवतही नसे.

पहिल्याच संध्याकाळी बनुबाई म्हातारीच्या उशा नीट करत म्हणाली, "आमची क्रांती कशी चाललीय, बाई? रोज गणवेश घालून धाला निघती, पाचला येती."

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. रोज निघते? कुठं निघते? हजेरीत तर ती नाही!

"छान चाललीय," बाई म्हणाल्या. तोंडाला सवयच होती.

म्हातारीला घरी सोडलं त्या दिवशी बनुबाईनं पुन्हा विचारलं. "दहावी म्हंजे अवघड असंल न्हवं? झेपतंय न्हवं पोरीला?" समोर नवरा, रिक्षावाला, गडबड. बाई म्हणाल्या, "झेपतंय की. काही काळजी करू नका." आणि रिक्षात बसल्यावर त्यांना इतकी स्वतःची शिसारी आली की सासूबाईंनी विचारलं, तुला ताप आलाय का गं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी दहावीतल्या राजेश्वरीला बाजूला घेतलं. ती क्रांतीची मैत्रीण. राजेश्वरी आधी 'मला न्हाई ठावं' म्हणाली, मग खाली बघून म्हणाली, "ती स्टेशनाकडच्या मोठ्या दवाखान्यात बसती, बाई."

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. हा आईचा दवाखाना नव्हे, दुसराच. बाहेरगावचे पेशंट, अथणी-रायबागकडचे, नुसती रीघ. नंबर लावून बसलेल्यांच्या खुर्च्यांत, मागच्या रांगेत क्रांती बसली होती. गणवेश, दोन वेण्या, मांडीवर दप्तर. शेजारच्या म्हाताऱ्याला ती कन्नडमध्ये एक्सरेची खोली कुठं आहे ते समजावत होती. बाईंना बघून ती ताडकन उभी राहिली, वर्गात राहतात तशी.

"इथं का गं बसतेस?"

"इथं कुनी इचारत न्हाई, बाई. समद्यास्नी वाटतंय, हिचं कोन तरी आत हाय."

"आईला का सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? अव्वानं समद्या बोळात पेढे वाटले. दादानं, म्हंजे माझ्या बापानं, धक्क्यावर सांगितलं. लय खूष हायती." ती थांबली. "तुमीबी सांगू नगा. मार्चमदी परीक्षा झाली म्हनून सांगीन, मग कायतरी सांगीन."

"काय सांगशील?"

तिनं नुसते खांदे उडवले आणि मग बाईंचा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "तुमचा दोष न्हाई, बाई. माझंच गनित कच्चं."

बाईंना लाज वाटली. लाज म्हणजे लाज, दुसरं नाव नाही त्याला. गणित कच्चं, आणि गणिताची बाई कोण? या पोरीला मैत्रिणींतून उचलून आणली कुणी? आणि दारात उभं राहून शब्द दिला कुणी? बाईंनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या सरळ शाळेत आल्या.

सूर्यवंशी सर डबा खात होते. "सर, क्रांती मासाळला परत घ्यायचं."

सरांचा घास हातातच राहिला. "बाई, आपला वर्ग केवढा? मोठ्या शाळेत एक नापास झालं तर कळतही नाही. आपल्याकडं एका पोरीनं तीन-चार टक्के जातात! फलक उतरवायला लागेल."

"उतरवू."

"आणि पुढच्या मे महिन्यात पोरं कुठून आणायची?"

"मी आणते ना! आजवर कोण आणत आलं? आणि तुमचा पट सप्टेंबरात मोजतील तेव्हा एक पोर कमी पडलं की मलाच दारोदार धाडणार ना तुम्ही? मग आहे ते पोर का हाकलता?" बाईंचा आवाज चढला होता. बाहेर शिपाई कान देऊन उभा होता, असेना का!

"मग बाकीच्या पाचांनी काय घोडं मारलंय?" सर चिडून म्हणाले.

ते बाईंना लागलं, कारण खरं होतं. त्या दोन दिवस त्या पाचांच्याही मागं फिरल्या. एक काकाबरोबर सोनं गाळायच्या कामाला तमिळनाडूत गेलेला. दोघांच्या घरांना कुलूप, आईबाप गावच सोडून गेलेले. एकानं मोबाइलच्या दुकानातून मान वर न करता सांगितलं, "आता नगो, बाई." एक पोरगी तेवढी 'येते' म्हणाली. बाई परत सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. सर फलकाच्या दिशेनं बघत म्हणाले, "दोघींची जबाबदारी तुमची. पालकांचा अर्ज, पालकांची सही पाहिजे. आणि हे बघा, काय झालं ते पालकांना नीट सांगून सही घ्या. उद्या माझ्यावर नको."

नीट सांगून. म्हणजे बनुबाईला.

रविवारी सकाळी बाई त्या बोळात गेल्या. नळाला पाणी आलेलं, बायांची गर्दी. बनुबाई दगडावर धुणं घासत होती. बाईंनी पदर सारखा केला आणि तोंडात तेच जुनं आलं, "आवं बनुबाई, कसं हाय..." आणि पुढं जीभच उचलेना. मग सरळ बोलल्या, घरात बोलतात तसं.

"क्रांतीचा नंबर आला नव्हता. सतरा नंबर म्हणजे शाळेतून काढून बाहेरून परीक्षेला बसवणं. तुमचा गैरसमज झाला ते मला तेव्हाच कळलं होतं. मी बोलले नाही."

बनुबाईनं हातातलं लुगडं पिळलं, झटकलं आणि बादलीत टाकलं.

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"पेढे वाटल्याला आठ दिस बी झाले नव्हते. दाखला जपून ठिवा म्हनलासा न्हवं? म्हनून ल्यामिनेशन कराया घिऊन गेले. दुकानदारानं वाचून दाखवला. मावशी, म्हनला, ह्यो शाळा सोडल्याचा दाखला हाय." तिनं बाईंकडं प्रथमच बघितलं. "म्हनलं, बाई सांगतील. मग पोरगी गणवेश घालून निघाली. कुठं बसती त्येबी कळलं, तिथली मावशी माझ्या वळखीची हाय, ती ध्यान ठिवती. पोरगी मला बरं वाटावं म्हनून जाती, मी तिला बरं वाटावं म्हनून डबा भरती. आमी दोघी येड्या झालो, बाई."

बनुबाईनं पुढचं लुगडं दगडावर आपटलं.

"तुमास्नी इचारलं की मी. एकदा न्हवं, दोनदा इचारलं. म्हनलं, आता तरी बोलतील. तुमी म्हनलासा, छान चाललीय." तिनं लुगडं तसंच दगडावर सोडलं. "मला राग हाय, बाई. लय राग हाय. म्हातारीला घास भरवताना बी हुता."

नळावरच्या बाया इकडंच बघत होत्या. बाईंनी डोळे पुसले नाहीत, पुसायचा आपल्याला काय अधिकार, असं त्यांना वाटलं. त्या म्हणाल्या, "शाळेत परत घेतोय तिला, अर्जावर तुमची सही पाहिजे. रोज सकाळी मी गणित घेईन."

"पास हुईल?"

आयुष्यभर बाईंनी या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "नापाससुद्धा होईल. पण आमच्या वर्गात बसून होईल."

बनुबाईनं हातातला साबण खाली ठेवला. मग म्हणाली, "आसं हाय तर लिवून द्या."

"काय?"

"तुमी आता बोललासा त्ये समदं. तुमी लय ग्वाड बोलता, बाई. तुमच्या बोलन्यावर आता माझा इस्वास न्हाई. कागदावर लिवा. का काढली, कुनी काढली, त्येबी लिवा."

बाईंनी पर्समधून एक कोरा कागद काढला. बसायला जागा नव्हती, पायरीवर बसल्या, पर्स मांडीवर घेतली. फळ्यावर झरझर चालणारा त्यांचा हात एकेका अक्षराला अडत होता. बराच वेळ लागला. तोवर बनुबाईनं उरलेलं धुणं घासलं. मग कागद न घेताच तिनं घरात हाक मारली, "क्रांते, बाहीर ये. वाच ह्ये."

क्रांती आली. बाईंकडं बघून आधी उभी राहिली ती राहिलीच. मग कागद घेतला आणि वर्गात धडा वाचतात तशा मोठ्या आवाजात वाचू लागली. बोळातल्या बाया, ज्यांनी पेढे खाल्ले होते त्या, घागरी तशाच ठेवून ऐकत होत्या. "क्रांती बिराप्पा मासाळ हिचा सतरावा नंबर आला नव्हता. शाळेचा निकाल कमी होऊ नये म्हणून तिला शाळेतून काढलं. तिच्या आईचा गैरसमज झाला, हे मला माहीत होतं..." इथं पोरीचा आवाज थांबला. तिनं मान वर करून बाईंकडं बघितलं.

"फुडं वाच," बनुबाई म्हणाली.

"...तरी मी गप्प बसले. नंतर दोनदा विचारलं तेव्हा खोटं बोलले. क्रांतीला आम्ही परत घेत आहोत. ती पास होईल असं मी सांगू शकत नाही." आणि खालचं नावही तिनं वाचलं. शालन शांतिनाथ मगदूम, गणित शिक्षिका.

बनुबाईनं कागद तिच्या हातातून घेतला, घडी घालून कंबरेला खोचला आणि ओले हात पदराला पुसले.

"आता तुमचा अर्ज काडा," ती म्हणाली. "कुठं करू सही?"

बाईंनी बोट ठेवून जागा दाखवली.